तिसऱ्या गल्लीतल्या भिंतीचा ओळंबा

मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, गाजराच्या आकाराचा, टोकाला पोलाद बसवलेला. मित्रांनो, माझं काम सोपं आहे. दोरीला बांधून मला भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडायचं आणि माझं हलणं थांबेपर्यंत वाट बघायची. मी थांबलो की दोरी सांगते ती सरळ रेघ. भिंत त्या रेघेला धरून असेल तर ठीक. नसेल तर ती कधी ना कधी पडते. मला एवढंच येतं, आणि तेही कुणी विचारलं तरच.

मला ओहायोतल्या एका कारखान्यात ओतलं आणि लेथवर घासून गुळगुळीत केलं. माझा पहिला धनी वेंडेल प्रुइट, कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावचा सुतार. आमच्याकडची घरं लाकडाची. भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा जोडायचा, पाच-सहा जणांनी एकदम उचलून उभा करायचा, आणि दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू ठोकायचे. छप्पर चढेपर्यंत ते टेकूच भिंतीला धरून ठेवतात. वेंडेलनं चाळीस वर्षं माझ्याशिवाय एकही टेकू काढू दिला नाही. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्यानं मला हाताखालच्या एफ्राइन कोताच्या हातात ठेवलं.

"माझ्या बायकोसारखा आहे हा," तो म्हणाला. "तोंडावर सांगतो. राग धरू नकोस."

एफ्राइनही चांगला मिस्त्री झाला. माझी दोरी दर वर्षी बदलायचा, संध्याकाळी मला फडक्यानं पुसायचा. त्याच्या बायकोचा, ओफेलियाचा, धाकटा भाऊ लाझारो त्याच्याच टोळीत होता. सीमेपलीकडच्या सिनालोआहून आलेला, हातानं चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ.

मग ती वर्षं आली. साऱ्या देशाला नवीन घरं हवी होती. बदामाच्या बागा उपटून तिथं गल्ल्या आखल्या गेल्या. महिनाअखेरीला सोब्झाक नावाच्या बाई छोट्या गाडीतून यायच्या आणि हातातल्या कागदावर प्लॉटमागून प्लॉट खुणा करायच्या. देशात किती घरं सुरू झाली ते त्या सरकारसाठी मोजायच्या. तो आकडा पुढच्या महिन्यात वर्तमानपत्रात यायचा. आकडा चढला की घरं बांधणाऱ्या आमच्या कंपनीचे मोठे साहेब खूश, आणि ते खूश तर आमचा सुपरवायझर ब्रेडी केसलर खूश.

"बाई, इथं तर नुसता चर खणलाय," लाझारो एकदा म्हणाला. "ह्याला घर म्हणता?"

"पायासाठी खणलं की माझ्या कागदावर घर सुरू झालं," बाई म्हणाल्या.

"मग आमच्या गावी माझी पाच-सहा घरं सुरू आहेत. आईनं कोंबड्यांना सांगून खणून घेतलीत."

बाईसुद्धा हसल्या होत्या.

पुढं पुढं कंपनी महिनाअखेर आली की एका आठवड्यात वीस-वीस चर खणून टाकू लागली. त्यामागून पाया, पायामागून आम्ही धावायचं. घरं इतकी उघडली की लाकूड पुरेना. ऑगस्टातल्या एका शुक्रवारी ब्रेडी येऊन उभा राहिला.

"पाचव्या गल्लीतल्या भिंती आज उभ्या पाहिजेत."

"टेकूंना लाकूड कुठाय?" एफ्राइननं विचारलं.

"तिसऱ्या गल्लीत आहे ना ठोकलेलं. ते काढा. सोमवारी लाकडाची गाडी येतेय."

"तिथं अजून छप्पर नाही चढलेलं."

"हे बघ एफ्राइन, तुला जमत नसेल तर सांग. फाटकाबाहेर दोन टोळ्या कामाची वाट बघत बसल्यात."

ब्रेडी गेला. लाझारो हातोडी घेऊन तिसऱ्या गल्लीतल्या मोठ्या भिंतीपाशी गेला आणि थांबला.

"दाजी, ओळंबा सोडताय ना?"

मी एफ्राइनच्या कमरेच्या पिशवीत होतो. त्याचा हात पिशवीवर आला, माझ्यावर टेकला, आणि तसाच मागं गेला. मी काय सांगणार ते त्याला ठाऊक होतं.

"काढ तू," तो म्हणाला. "सोमवारपर्यंतचा तर प्रश्न आहे."

शनिवारी अर्धा दिवस काम होतं. दुपारी खोऱ्यातला वारा सुटला. त्या भिंतीच्या सावलीत लाझारो एकटाच जेवायला बसला होता. भिंत पडताना फार आवाज झाला नाही. सहा जणांनी मिळून ती उचलली, रोज उचलायचे तशीच. तो गेलेला होता.

चौकशीचे साहेब बुधवारी आले. ब्रेडी शेजारीच उभा होता.

"टेकू कुणी काढले?"

"लाझारोनं."

"स्वतःच्या मनानं?"

एफ्राइननं एकदा ब्रेडीकडं पाहिलं. मग त्यानं होय म्हणून मान हलवली. कागदावर लिहिलं गेलं की कामगार स्वतःच्या निष्काळजीपणानं मेला. तो कागद सिनालोआत लाझारोच्या आईला, तेओदोराबाईंना, टपालानं गेला.

महिनाअखेरीला सोब्झाकबाई आल्या. एफ्राइन त्यांच्या गाडीपाशी गेला.

"बाई, तिसऱ्या गल्लीतलं ते घर तुमच्या मोजणीतून काढून टाका."

बाईंना सगळं कळलेलं होतं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"एकदा सुरू झालेलं घर वजा करता येत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "तसा रकानाच नाही."

ती भिंत परत उभी राहिली. घर विकलंही गेलं. त्यानंतर एफ्राइननं मला पिशवीतून काढून गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवलं आणि नवीन ओळंबा आणला. माझ्यावर धूळ बसली, पितळ काळं पडलं. मला पुसायची त्याला हिंमत होत नव्हती.

पुढं चौदा महिने त्याचं काम टिकलं. मग आकडा पडू लागला, आणि पडतच गेला. खणलेले चर तसेच राहिले. त्यांत पावसाचं पाणी साचलं, वाळल्यावर गवत माजलं. लाझारोवर पडलेल्या भिंतीचं घरही रिकामं झालं. कंपनीनं फाटकाला कुलूप लावलं आणि ब्रेडी कुणाला न सांगता गाव सोडून गेला. ज्या कामासाठी एफ्राइननं मान हलवली होती, ते काम उरलं नाही. मान हलवलेली मात्र उरली.

एका सकाळी ओफेलिया गॅरेजमध्ये कपडे धुवायच्या मशीनपाशी उभी होती. एफ्राइननं तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. हातातला ओला शर्ट तिनं दोनदा पिळला.

"आई अजून गावात मान खाली घालून हिंडते," ती म्हणाली. "चर्चमध्ये बायका विचारतात, तुमचा लाझारो दारू पिऊन होता का. तिला तू सांगायचंस. फोनवर नाही. समोर बसून."

त्यानं मला खिळ्यावरून काढलं. दीड दिवस आम्ही बसमध्ये होतो. तो खिशात हात घालून मला धरून बसला होता, आणि मी त्याच्या घामानं ओला झालो.

तेओदोराबाईंनी त्याच्यापुढं जेवण ठेवलं. त्यानं ते बाजूला सारून मला टेबलावर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. शुक्रवार, ब्रेडी, टेकू, हलवलेली मान. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"हे काय आहे?"

"भिंत सरळ आहे की नाही ते ह्यानं कळतं, आई."

"मग कळलं नाही?"

"मी विचारलंच नाही."

बाई उठल्या. त्यांनी त्याला तेच सगळं कागदावर लिहायला लावलं, खाली सही करायला लावली, आणि तो कागद घेऊन त्या चर्चकडं निघाल्या. त्याला म्हणाल्या, "जेवून घे. आणि मी यायच्या आत जा."

मला त्यानं टेबलावरच सोडलं. मित्रांनो, आता मी इथंच असतो. माझी एकच विनंती आहे. तोंडावर खरं सांगणारं कुणी तुमच्याजवळ असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला नुसतं पुसूनबिसून जपून ठेवू नका. घाईच्या दिवशी त्याला विचारा. निवांत दिवशी सगळेच विचारतात.