कोऱ्या काचेला टीबी

नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं त्या वर्षी मुकुंदवाडीतल्या लॅबला सोसायटीनं जलबचतीचं प्रशस्तिपत्र दिलं. मालक डॉ. श्रीरंग यांनी ते फ्रेम करून ड्रमच्या बरोबर वर टांगलं. युक्ती त्यांचीच होती: सगळ्या पेशंटच्या, गाठीचे काप लावलेल्या काचा एकाच बरणीतल्या रंगात बुडवायच्या आणि टँकरच्या पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये विसळायच्या. ड्रम रिता व्हायच्या आत त्यात नवं पाणी पडे; त्यामुळे तो घासण्याचा प्रसंग कधी आला नाही.

काचा तपासून रिपोर्टवर सही करायची नोकरी डॉ. मनस्विनीची. त्या सकाळी तिच्या मायक्रोस्कोपखाली बिडकीनच्या रत्नमालाच्या मानेतल्या गाठीची काच होती. निळ्या पेशी, त्यांच्यावर लाल काड्या. टीबीचे जंतू असेच दिसतात; साठवलेल्या पाण्यात वाढणारे त्यांचे भाऊबंदही. रत्नमाला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. हा रिपोर्ट गेला की सहा महिने गोळ्या, आणि स्वयंपाकघराचं दार लगेच बंद.

पण भिंग वरखाली करताना पेशी नीट दिसल्या की काड्या पुसट व्हायच्या, आणि काड्या नीट दिसल्या की पेशी. म्हणजे काड्या घरातल्या नव्हत्याच, बाहेरून गच्चीवर येऊन बसल्या होत्या.

"सर, हे जंतू हिचे नाहीत."

"मग काय माझे? सर्जनला मी फोनवर टीबी सांगून मोकळा झालोय. सही करा, मॅडम."

"नाही करणार."

तिनं रंग देणाऱ्या कडुबाला बोलावलं. "एका कोऱ्या काचेला, काप चिकटवायला लावतो तो अंड्याचा पांढरा बलक नुसता लावा आणि नेहमीसारखी काढा. बरणी, मग ड्रम."

"वर काय ठिवू?"

"काही नाही."

"नाव तरी कुणाचं टाकू?"

"सरांचं टाका."

तोवर तिनं रत्नमालाच्या गाठीचा नवा काप घेतला. काच आडवी ठेवली, ताजा गाळलेला रंग ड्रॉपरनं सोडला, सीलबंद बाटलीतल्या डिस्टिल्ड वॉटरनं धुतली. एकही काडी नाही. कोऱ्या काचेवर मात्र लाल काड्यांची दाटी होती.

"सर, तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. घाबरू नका, बरा होतो."

श्रीरंगांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "काच नीट धुतली नसेल यानं."

"धुतली की, साहेब," कडुबा म्हणाला. "डरममधीच धुतली."

"मॅडम, लोक घागरी घेऊन उभे आहेत आणि तुम्ही एका काचेला बाटली ओतणार? उद्यापासून येऊ नका म्हणू शकतो मी."

"म्हणा. आज तर मी आहे."

तिनं 'जंतू आढळले नाहीत' लिहून सही केली, सर्जनला स्वतः फोन लावला आणि कडुबाच्या मदतीनं ड्रम अंगणात आडवा केला. पाणी वाळक्या कडुनिंबाकडे निघालं. वरच्या बाल्कनीतून सोसायटीचे अध्यक्ष काकासाहेब ओरडले, "अहो, प्रशस्तिपत्र दिलंय तुम्हाला!"

"परत घेऊन जा, काकासाहेब. येताना घासणी आणा."

मग बाह्या सारत ती कडुबाकडे वळली. "याआधी ज्यांना ज्यांना टीबी दिलाय, त्यांच्या गाठींचे मेणात जपलेले ठोकळे काढा, पुन्हा तपासू. सगळे."

"ते कशाला आता?" दारातून श्रीरंग म्हणाले.

तिनं डोकं ड्रममध्ये घातलं होतं. आतून आवाज आला, "सगळे, कडुबा."