बाउरसाक अजून तेलात आहेत

स्टेजवर उभ्या असलेल्या बेक्सुल्तानने नुसता हात वर केला आणि तोयखान्यातले, म्हणजे लग्नाच्या हॉलमधले, सगळे फोन एकदम ओरडले, "सुयिंशी!"

आणि सगळा तोयखाना एका आवाजात उत्तरला, "हवं ते घे!"

म्हाताऱ्या आज्यांनी पांढऱ्या ओढण्या सावरत फोनवरचं सोनेरी बटण दाबलं. खाणीतून निवृत्त झालेल्या दांडग्या पुरुषांनी चष्मे कपाळावर चढवून बटण दाबलं. लगेच प्रत्येकाच्या पडद्यावर टणटण आवाज करत सोन्याचे गोळे पडायला लागले. माझ्या शेजारची बाई तर रडायलाच लागली. फुकटचं सोनं बघून रडू येणं साहजिक होतं.

सुयिंशी म्हणजे काय ते सांगते. आमच्या केन्ताऊ गावात कुणी आनंदाची बातमी घेऊन धावत आलं की ते आधी बातमी सांगत नाही. आधी ओरडतं, "सुयिंशी!" म्हणजे बातमी आणल्याची बक्षिसी काढ. आणि आपण बातमी न ऐकताच म्हणायचं, "हवं ते घे!" तिथे जो विचारात पडला तो कंजूष, त्याचं नाव गावभर होतं. माझी भाची मोल्दिर जन्मली तेव्हा नर्सने सुयिंशी मागितली आणि माझ्या भावोजींनी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. मुलगा की मुलगी हे त्यांना नंतर कळलं.

तर फोनसुद्धा आता सुयिंशी मागायला लागले होते. ही करामत शाशू कार्डाची. शाशू म्हणजे समारंभात पाहुण्यांच्या डोक्यावरून उधळतात ती मिठाई. हे उधारीचं कार्ड होतं: आज खरेदी करा, पैसे महिन्याने भरा, आणि प्रत्येक खरेदीवर बक्षीस म्हणून एक अदृश्य नाणं मिळवा. नाण्याचं नाव बाउरसाक. आमच्याकडे चहाबरोबर कणकेचे तळलेले गोळे असतात, त्यांचंच नाव दिलेलं.

बेक्सुल्तान पूर्वी लग्नसमारंभात सूत्रसंचालन करायचा. जाकीट अजून तेच होतं, सोनेरी नक्षीचं. त्याचे वरचे चार दात मी बसवलेत, त्यामुळे तो हसला की मला उगाचच जबाबदार असल्यासारखं वाटतं.

"बँक तुम्हाला काय देते?" तो गरजला. "कॅलेंडर! शाशू कार्ड काय देतं? मांस घ्या, बाउरसाक मिळवा! पेट्रोल भरा, बाउरसाक मिळवा! सासूला औषध आणा, बाउरसाक मिळवा! जगात बाकीचे लोक कमवून श्रीमंत होतात, तुम्ही खर्च करून व्हाल!"

"पण बाळा, हे नाणं ठेवलेलं कुठे असतं?" पुढच्या टेबलावरच्या एका अक्साकालांनी, म्हणजे पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्यांनी विचारलं.

"हवेत! साखळीत!"

"हवेत की साखळीत?"

"हवेतल्या साखळीत, अक्साकाल! चोर तिथे पोचत नाही, सरकार पोचत नाही!"

मागच्या मोठ्या पडद्यावर बाउरसाकाचा भाव डोंगर चढत होता. मी उभी राहिले. "आणि हे विकायचे कसे? माझ्या बहिणीच्या फोनवर 'विका' हे बटण तीन महिने राखाडीच आहे. दाबलं तर 'लवकरच' असं येतं."

बेक्सुल्तानने माझे चारही दात दाखवले. "आमच्या झुपार डॉक्टरांना घाई फार! अहो, बाउरसाक अजून तेलात आहेत. कच्चा बाउरसाक कुणी बाहेर काढतं का?"

लोक हसले. माझी थोरली बहीण उलझान सगळ्यात जोरात हसली, आणि मला खाली ओढून बसवलं. माझी आईसुद्धा बाउरसाक तळते. ती ते उलटते, फुगले की काढते, तीन महिने तेलात ठेवत नाही. पण हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता, कारण बेक्सुल्तान आता सोनेरी कार्डाबद्दल बोलत होता. दहापट उधारी, दहापट बाउरसाक. फक्त घराचे नाहीतर दुकानाचे कागद तारण ठेवायचे, पुढच्या शनिवारी, इथेच.

"मी शिलाईखोलीचे कागद आणणार आहे," उलझान माझ्या कानात म्हणाली.

उलझान कोरपे शिवते, म्हणजे लोकर भरलेल्या जाड गोधड्या, नवरीच्या रुखवतात लागतात त्या. घरामागच्या दोन खोल्यांत लोकर पिंजायचं यंत्र आहे, एक लांब टेबल आहे आणि तिच्यासह तिघी बाया आहेत. भावोजी गेल्यानंतर त्याच खोल्यांनी तिला आणि मोल्दिरला जगवलं. तारण गेलं असतं तर उरलं काहीच नसतं.

"ताते," मी परतताना म्हटलं. थोरल्या बहिणीला आम्ही ताते म्हणतो. "खोल्या सोडून काहीही ठेव."

"काय ठेवू? डोक्यावरची ओढणी? शरदात मोल्दिरचं लग्न आहे. अर्ध्या गावाच्या सुनांची रुखवतं मी शिवली आणि माझी पोर बाजारातल्या प्लास्टिकच्या रजया घेऊन जाणार?"

"पण तो माणूस..."

"तुला माणसाचे फक्त दात दिसतात, झुपार. तू दात उपट. पैशातलं तुला काय कळतं? अख्खं गाव वेडं आणि तू एकटी शहाणी का?"

एवढं बोलून ती पुढे निघून गेली, आणि मी मागे राहिले. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तिच्यापुढे मांडायला माझ्याजवळ रागाशिवाय काही नव्हतंही.

मुद्दा हाती लागला तो रोझा ओगायच्या तोंडात. रोझा बाजारात कोरियन पद्धतीचं गाजराचं तिखट सॅलड विकते, आणि तिच्या चिक्कूपणाची कीर्ती पार शिमकेंत शहरापर्यंत आहे. दाढ भरून घ्यायला आली ती कुरकुरतच.

"तुमचं ते शाशू कार्ड बिघडलेलं दिलंय मला. सगळ्यांना बाउरसाक, मला एक नाही. त्या बेक्सुल्तानकडे गेले तर म्हणतो, तुमचा विश्वास कमी पडतो."

"आणि फोन सुयिंशी म्हणतो तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणणार? बंद करते. यंत्राला कसली बक्षिसी द्यायची, डॉक्टर? त्याला काय पोरंबाळं आहेत?"

मी हातातला आरसा खाली ठेवला. ज्याची श्रद्धा आहे त्यालाच चमत्कार दिसतो, असं म्हणणारे बाबा मी पाहिलेत. दर वेळी 'श्रद्धा' या शब्दाच्या खाली काहीतरी दडवलेलं असतं. इथे श्रद्धा म्हणजे ते बटण होतं. बाकीचं गाव ते दाबत होतं आणि रोझा दाबत नव्हती, एवढाच काय तो फरक.

उलझानला मी ओढूनच रोझाच्या गाड्यावर नेलं. "ताते, एकदाच माझं ऐक. तुझ्या कार्डावर सॅलड घे. हजार तेंगेचं."

तिने घेतलं. फोन ओरडला, "सुयिंशी!" तिचा अंगठा सवयीने पुढे गेला, तो मी धरला.

"सोड, झुपार! अपशकुन होतो!"

"होऊ दे. आता उधारी बघ."

उधारी बरोबर हजाराने वाढली होती, बाउरसाक पडले नव्हते.

"आता तेवढंच सॅलड पुन्हा घे, आणि बटण दाब."

"दोन दोन डबे कोण खाणार?"

"मी परत घेणार नाही हां," रोझाने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

उलझानने दुसरा डबा घेतला, बटण दाबलं. टणटण करत सोनेरी गोळे पडले. या वेळी उधारी बाराशेने वाढली.

उलझानने ते दोनदा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"वरचे दोनशे कसले?"

"ती सुयिंशी! तू 'हवं ते घे' म्हणालीस, त्यांनी घेतलं. ते बाउरसाक बक्षीस नाहीत, ताते. बटण दाबलं की तेच तुझ्या नावावर उधारी चढवतात, त्याच उधारीवर स्वतःचेच बाउरसाक तुला विकतात, आणि वर टाळ्या घेतात."

मला वाटलं, जिंकले. पण उलझान माझी बहीण आहे. तिने ओठ चावले आणि म्हणाली, "बरं, विकत घेतले तर घेतले. माझेच झाले ना? भाव तिप्पट झालाय. शरदात विकीन, उधारी फेडीन, वर गोधड्यांचं रेशीम येईल."

"विकशील कुणाला?"

"घेणारे असतीलच की! अख्खं गाव घेतंय."

शनिवारी ती कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रांगेत उभी राहिली. मी शेजारी. तिच्यापुढे तिघंच उरले होते, स्टेजवर बेक्सुल्तान गात होता, आणि माझ्या डोक्यात काही म्हणता काही येत नव्हतं. मग त्याने माईक स्टँडवर ठेवला, चहा प्यायला. मी काय करते आहे हे मला कळायच्या आत मी स्टेजवर होते. माईक हातात घेऊन जिवाच्या आकांताने ओरडले:

"सुयिंशी, बेक्सुल्तान!"

अर्धं आयुष्य लग्नांत घालवलेला माणूस तो. पेला खाली ठेवायच्या आत त्याची जीभ चालली. "हवं ते घ्या, डॉक्टर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबेपर्यंत मी थांबले.

"बातमी अशी, की माझी ताते तिचे बाउरसाक विकायला तयार आहे. आणि मला हवंय ते एवढंच, की ते तू घे. आत्ता, त्या पडद्यावरच्या भावाने."

त्याचं हसू जागीच राहिलं. दात माझे होते, ते कसे हलतील? "डॉक्टर, चेष्टा पुरे. बाउरसाक अजून तेलात..."

"कच्चे चालतील तुला. बसवलेत ना चांगले दात! बरं, अर्ध्या भावाने घे."

"तशी सोय सिस्टीममध्ये..."

"पाव भावाने. बरं, एक घे. एकच बाउरसाक. एका बाउरसाकाचे पैसे या टेबलावर ठेव, मी जन्मभर तुझे दात फुकट बघेन."

पुढच्या टेबलावरचे अक्साकाल काठी टेकत उठले. "पोरा, सगळ्यांसमोर शब्द दिलास. हवं ते घ्या म्हणालास. दे."

"अक्साकाल, मला काय माहीत ही असलं काही मागेल! बातमी ऐकण्याआधीच बोलून गेलो मी!"

"आम्हीही तेच केलं!" मी म्हटलं. "रोज केलं, या यंत्राला केलं." आणि मी त्यांना गाजराच्या दोन डब्यांची गोष्ट सांगितली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तिथे चहाचा गल्ला आहे. एक चहा बटण न दाबता घ्या, एक दाबून घ्या. मग स्वतःची उधारी बघा."

गल्ल्यावर अशी झुंबड उडाली की चहाचा समोवार आडवा व्हायचा राहिला. तिकडून एकेक आवाज यायला लागला: "अरे, माझेही वाढले!" "माझे तर दुप्पट!" तेवढ्यात भिंतीवरच्या भोंग्यांतून बेक्सुल्तानचा आवाज घुमला. बेटा फोनवर बोलत स्वयंपाकघराच्या दाराने निघाला होता, पण कॉलरचा छोटा माईक काढायला विसरला होता.

"नाही रे, घेत नाहीयेत, विकायला मागतायत! विकायला! कोण घेणार हा कचरा? तू आधी गाडी काढ!"

त्यानंतर काही सांगायची गरज उरली नाही. पडद्यावर भाव अजून चढतच होता, कारण त्याला खाली आणायला कुणी विकूच शकत नव्हतं.

उलझान खुर्चीवर बसली होती, पिशवी छातीशी धरून. मला वाटलं, आता शिव्या घालेल. ती म्हणाली, "खोल्या राहिल्या ना गं?"

"राहिल्या, ताते."

मग ती रडली आणि मीही रडले. पोलिसांनी पुढे बेक्सुल्तानला पकडलं, पण त्याच्या वरच्यांचा पत्ता हवेतल्या साखळीतच राहिला. बाउरसाकांची उधारी उलझान अजून फेडते आहे. ते दुःख खरं आहे, ते मी लपवणार नाही.

शरदात एक दिवस तिचा फोन आला. "सुयिंशी!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी बातमी सांग."

"बघा, डॉक्टरीणबाई कशा चिक्कू झाल्यात! रोझाची दाढ लागली वाटतं तुला! अगं आयनालायन, माझ्या लाडके, मोल्दिरची शेवटची गोधडी निम्मी झाली. फक्त अस्तराला कापड कमी पडतंय."

"हवं ते घे, ताते!"

"तुझ्या दवाखान्याचा निळा पडदा घेते. जाड आहे."

म्हणून माझ्या दवाखान्याच्या खिडकीला पडदा नाही. ऊन पेशंटच्या डोळ्यांवर येतं, ते हाताने विचारतात की असं का, आणि तोंडात कापूस असेपर्यंत त्यांना ही सगळी गोष्ट ऐकावी लागते. हाडामांसाचा माणूस धापा टाकत येऊन सुयिंशी म्हणाला, तर द्या, हात आखडू नका. पण यंत्र म्हणालं, कार्ड म्हणालं, सोनेरी जाकीट म्हणालं, तर बटणावरचा अंगठा उचला आणि विचारा: हे बक्षीस कुणाच्या पैशातून आलं? आज विकायला काढलं तर घेईल कोण? उत्तर 'लवकरच' असं आलं तर समजून जा.

कापूस काढला की मी प्रत्येकाकडून पहिलं वाक्य म्हणून घेते, जबडा नीट उघडतो का ते बघायला. "म्हणा," मी सांगते, "आधी बातमी सांग."