दोन उजव्या बाह्या

ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या भरून झाल्या तेव्हा माधुरीनं त्या दाराच्या उजेडात नेऊन आपल्याच दंडांना लावून बघितल्या. उजव्या बाहीवर डोलीतली नवरी, डाव्या बाहीवर घोड्यावरचा नवरदेव. ब्लाऊज घातलेल्या नवरीनं हात जोडले की चित्रातल्या दोघांची तोंडं एकमेकांकडं यायला पाहिजेत, असं ते चित्र. डोलीतली नवरी बरोबर पुढं बघत होती. नवरदेव मागं चालला होता. घोडा, फेटा, तलवार, सगळं मागं. लग्न सोडून पळालेला माणूस दिसावा तसा.

तिनं बाह्या खाली घेतल्या, परत लावल्या. उलटं ते उलटंच.

मग तिनं बाह्यांची अदलाबदल करून बघितली. आता नवरदेव पुढं बघायला लागला, पण नवरी मागं गेली. म्हणजे तिनं दोन्ही बाह्या उजव्याच भरल्या होत्या. कशाही लावा, दोघांपैकी एकानं पाठ करायचीच.

आरीच्या, म्हणजे आकडीच्या सुईनं भरायच्या कामात चित्र आधी कागदावर काढतात. रेषेरेषेनं सुईची भोकं पाडतात, कागद कापडावर ठेवतात आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ वरून फिरवतात. ठिपके कापडावर उतरतात, त्यावर सुई चालते. भोकं पाडलेला कागद दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो. पालथा पडला की घोडा तोंड फिरवतो. म्हणून माधुरी दरवेळी बोट फिरवून खरखरीत बाजू वर आहे का ते बघायची. त्या दिवशीही बघणारच होती. तेवढ्यात आतून सासूची हाक आली, "मादुरे, दूध बघ गं. बसूनच हाईस न्हवं?"

ती उठली, दूध बघितलं, आली आणि कागद ठेवला. एवढंच.

बसूनच हाईस. घरात कुणाला काहीही लागलं की हेच. दळण आणायला, पाव्हण्याला चहा द्यायला, मीटर बघायला आलेल्या माणसाला दार उघडायला. चार लाकडांच्या स्टँडवर कापड ताणून, मान मोडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत जी बाई टाके घालते ती बसलेली असते. आणि पारावर पत्ते कुटणारा दमलेला असतो, त्याला उठवायचं नाही.

आज शुक्रवार. लग्न रविवारी. नवरी स्नेहल, मार्गासनीच्या पुढच्या वाडीतली. शालू मुलाकडच्यांनी भोरला बस्ता बांधताना घेतलेला. रीत अशी की शालू मुलाकडचा आणि ब्लाऊज शिवायचं काम मुलीकडच्यांचं. ब्लाऊजचं कापड त्याच शालूच्या शेवटाला जोडून आलेलं. एकदा कापलं की तसलं दुसरं जगात कुठं मिळत नाही.

माधुरीचं स्वतःचं त्यात एक अडकलं होतं. तिच्या स्टँडनं बाहेरची अर्धी खोली खाल्ली होती. नवऱ्याच्या, धनाजीच्या पायाला ते येता-जाता लागायचं. त्यानं हायवेवरच्या एका कंपनीत पॅकिंगला तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "हा लग्नाचा ब्लाऊज नीट झाला तर ऱ्हाऊदे तुझं स्टँड," तो म्हणाला होता. "न्हाई झाला, तर सोमवारपासून कंपनीच्या गाडीत बसायचं. मग कुरकुर नको." तिनं मान हलवली होती. मोबाईलवर बघून बघून, बोटं फोडून घेऊन शिकलेली एकच गोष्ट तिच्याकडं होती, आणि तीही आता पणाला लावलेली.

ती घरात फिरायला लागली. सुई घोड्याच्या शेपटीखाली घातली, काढली. चहा ठेवला, तो उतू गेला. ब्लाऊजचं अंग शिवून तयार होतं, ते उगाच इस्त्री केलं. अंगणात जाऊन नळ सोडला आणि हात न धुताच बंद केला.

"काय येरझाऱ्या घालतीस गं?" चंद्राबाई म्हणाली. सासूला माधुरी आत्या म्हणायची.

"नवरदेव उलटा गेलाय, आत्या."

चंद्राबाईनं बाह्या हातात घेतल्या. डोळे बारीक करून बघितल्या. हसली. तिला ह्यात हसण्यासारखं काय दिसलं ते माधुरीला कळेना.

"मग नवरीला फिरव की."

"म्हंजी?"

"अगं, नवरा मागं बघितला तर लोकं म्हनत्याल पळून चाललाय. नवरी मागं बघितली तर म्हनत्याल म्हायेराकडं बघतीया. कोन इचारतंय? उलट रडत्याल बाया. लाव त्या बाजूनं आन् मोकळी हो."

माधुरी बघतच राहिली. म्हातारी खरं बोलत होती. नवऱ्यानं पाठ केली तर अपशकून, बाईनं मान मोडून मागं बघितलं तर संस्कार. चूक तीच, पण बाईवर घातली की झाकते.

तिनं बाह्या त्या बाजूनं अंगाला कच्च्या टाक्यांनी लावल्या, ब्लाऊज पिशवीत घातला, सुया-दोरा, मण्यांची डबी घेतली आणि नसरापूर फाट्यावर येऊन वेल्ह्याच्या जीपमध्ये घुसली. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. भरल्यावरही हलेना. शेजारच्या बाईनं विचारलं, "लग्नाला का?" माधुरी म्हणाली, "न्हाई," आणि मग, "व्हय." पिशवी मांडीवर घेतली, उचलली, छातीशी धरली. सगळ्या वाटेनं ती एकच वाक्य घोकत होती. आता असंच चालतंय. आता असंच चालतंय.

स्नेहलच्या दारात मांडव पडला होता. आई रत्ना पाहुण्यांना चहा देऊन देऊन घामाघूम झालेली. मावशी अक्काबाई खुर्ची टाकून बसलेली, कुणी काय करायचं ते सांगत. स्नेहल वेल्ह्यात औषधाच्या दुकानात कामाला होती. सुट्टी मिळाली तरी तिचा मोबाईल वाजत होता आणि ती कुणाला तरी कुठली गोळी कुठल्या फळीवर आहे ते सांगत होती.

ब्लाऊज तिनं घालून बघितला. अंगाला बरोबर बसला. बाया गोळा झाल्या.

"अगं ही," अक्काबाईनं डाव्या बाहीवर बोट ठेवलं, "नवरी मागं का बघतीया?"

माधुरीच्या तोंडातनं वाक्य आपोआप पडलं. "म्हायेराकडं बघतीया, मावशी. आता असंच चालतंय."

मग अक्काबाईनं पदर डोळ्याला लावला. "बाई बाई! काय डोकं चालवलंय पोरीनं! रत्ने, बघितलंस का?" रत्ना चहाची किटली खाली ठेवून रडायलाच लागली. एकीनं मोबाईल काढला, "थांब, स्टेटसला ठेवते." दुसरी म्हणाली, माझ्या पोरीच्या वेळंला हिलाच सांगनार. माधुरीच्या हातात कुणीतरी लाडू दिला. तिनं तो धरला. खाता येईना आणि ठेवायला जागा सापडेना. एका पायावरनं दुसऱ्या पायावर ती भार टाकत राहिली. शिव्या मिळाल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

स्नेहल मान वळवून स्वतःचाच दंड बघायची धडपड करत होती.

"ही मागं बघतीय, मग हा का बघत न्हाई?" तिनं विचारलं. "त्याला घर न्हाई व्हय?"

"त्यानं कशाला मागं बघायचं?" अक्काबाई म्हणाली. "त्यो घरीच चाललाय की!"

बाया खो खो हसल्या. स्नेहल हसली नाही.

"मला नको अशी."

"आता काय सोंगं गं तुझी," रत्ना म्हणाली. "मांडव पडलाय दारात."

"आई, तू आजून मामाच्या फोनची वाट बघत बसतीस. दिवाळी गेली तरी बसतीस. मला न्हाई मागं बघायचं. मी नोकरी सोडनार न्हाई, हितं पायजे तवा येनार. रडतबिडत जानार न्हाई. अभिषेकला मी सांगितलंय तसं. मग माझ्या हातावर ही रडकी कशाला?"

"आगं, शोभंसाठी असतंय ते!"

"शोभंसाठी मीच का मान मोडायची?"

माधुरीच्या हातातला लाडू चुरा होऊन खाली पडला.

"ती रडकी न्हाई," ती म्हणाली. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "फॅशन पन न्हाई. चूक हाय. माझ्याकडनं कागद पालथा पडला. नवरदेव उलटा भरला गेला. तो मागं बघताना दिसू नये म्हनून मी बाह्या बदलल्या आन् हिला फिरवली. ही पुढंच बघत व्हती."

अक्काबाई खुर्चीतनं उठली. "म्हंजी लग्नाच्या ब्लाऊजवर चुकीचं काम? आन् वर आमाला रडवलंस? अपशकुनी कुठली!" आत्ता डोळे पुसले होते तोच पदर आता कमरेला खोचला गेला. बाही तीच होती. टाके तेच, मणी तेच. नवरी मघाशी जिकडं बघत होती तिकडंच बघत होती. पण खरं सांगितल्याबरोबर ती अपशकुनी झाली. जिला पोरीच्या वेळेला माधुरीच पाहिजे होती, ती बाई मोबाईल घेऊन हळूच मांडवाबाहेर गेली.

रत्ना माधुरीच्या कानाशी आली. "जाऊदे बाई. हाय तसंच ठेव. बाहेर कुठं बोलू नको म्हंजी झालं."

"न्हाई," स्नेहल म्हणाली. "ताई, नवरीला पुढं फिरवा."

"मग नवरदेव मागं जातोय."

"मुलाकडच्यांनी बघितलं तर?" अक्काबाई ओरडली. "त्यांचा शालू, आन् त्यांच्याच पोराची पाठ? मांडवातनं उठून जात्याल ती!"

"मग घोडाच काढा."

माधुरीनं तिच्याकडं बघितलं. पोरगी गंमत करत नव्हती.

"काढता येतो," माधुरी म्हणाली. "आरीची साखळी असती, शेवटाची गाठ कापली की सगळी सुटती. पन भोकं ऱ्हात्यात. रेशीम काय कातडं न्हाई, भरून यायला. त्यावर बारीक फुलं भरावी लागतील, दाट. तरी दिसनारच. आन् एका हाताला नवरी, दुसऱ्या हाताला नुसती फुलं, असं व्हईल. लोकं इचारतील."

"सांगीन चुकलं व्हतं म्हनून."

"माझं नाव सांगशील?"

"सांगू का नको?"

माधुरीनं पायाखालचा लाडवाचा चुरा कडेला सारला. "सांग," ती म्हणाली.

स्टँड घरी होतं. रत्नाच्या माळ्यावर जाळी फाटलेली एक मोठी चाळण सापडली. माधुरीनं उरलीसुरली जाळी कापून टाकली. बाह्या उसवल्या, नवरीची उजवीकडं लावायला बाजूला ठेवली. घोड्याची बाही कडेकडेनं दोऱ्यानं चाळणीच्या कड्याला आवळून बांधली, टिचकी मारली की वाजेल इतकी ताठ. मग मांडवाच्या कडेला, उजेडात, पायरीवर बसली. स्नेहलनं समोर बसून कडं धरलं. माधुरीनं मागची गाठ कापली आणि दोरा ओढला.

सर्रकन गेला. शेपूट गेली, मागचे पाय गेले. मणी पायरीवरनं टपटप खाली उड्या मारत गेले. जरीचे तुकडे एकेक करून कापावे लागले. जो फेटा भरताना तिची मान धरली होती, तो चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात नाहीसा झाला. राहिली नुसती भोकं. भोकांचा एक घोडा, अजून मागंच चाललेला. माधुरीला स्वतःचा, सासूचा, त्या दुधाचा, सगळ्यांचा राग आला. तिनं पहिलं फूल बरोबर घोड्याच्या डोळ्यावर घातलं.

चार-पाच फुलं झाली असतील, तोवर मोबाईल वाजला. धनाजी. तिनं खांद्यानं कानाशी धरला, सुई थांबवली नाही.

"काय मग? पसंत पडला का?"

"न्हाई. चुकलाय. उसवून परत करतीया."

"मंग ठरल्याप्रमानं सोमवारी..."

"सोमवारी मला कुठं जायाचं न्हाई."

"अगं बोलल्यालो न्हवं आपन?"

"बोलल्याले तुमी. मी ऐकून घेतलं व्हतं."

"आन् त्या कंपनीच्या साहेबाला काय सांगू? आन् त्या स्टँडाचं काय?"

"तिथंच ऱ्हाईल. पायाला लागत असंल तर तुमी कडेनं जावा."

"चुकलंय तर चुकलंय, वर तोंड..."

"चुकलंय म्हनूनच बसलीया हितं. रात पडली तर मुक्कामाला ऱ्हाईन. आत्यास्नी सांगा, दूध त्यांनी बघावं."

तिनं फोन पायरीवर पालथा टाकला. तो परत वाजला, वाजत राहिला, थांबला. ती शब्द देऊन मोडणारी बाई झाली होती आणि ब्लाऊज अजून अर्धा उसवलेला होता. स्नेहलनं कडं आणखी घट्ट धरलं.

अक्काबाई कधीतरी पाठीमागं येऊन उभी राहिली होती. रागावलेली होती, पण बघितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं.

"ते फूल वाकडं गेलं," ती म्हणाली.

"दिसलं मला."

"मंग?"

"मंग काय, काढायचं."

माधुरीनं त्या एका फुलाची गाठ कापली आणि दोरा ओढून घेतला.

"मावशी, उजेड सोडा," ती म्हणाली.

अक्काबाई पुटपुटत बाजूला सरकली. माधुरीनं नवा दोरा लावला.