फडक्याखालचा काटा

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यावर एकदम विश्वास ठेवू नका. समोर नसलेली वस्तू दाखवणं हाच माझा धंदा. एक दिवा, दोन भिंगं, पत्र्याची पेटी आणि काचेची स्लाइड सरकवायला एक खाच, एवढाच माझा संसार. मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते पाठीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. सरकारी नंबर रंगवताना ती पट्टी झाकली गेली. तेव्हापासून मी नुसता नंबर सतरा.

साल एकोणीसशे बासष्ट. शेर आणि मण जाऊन किलो आले होते, आणि लोकांना किलोचा संशय येत होता. मला त्यात काही गैर वाटलं नाही. ही नवीन वजनं समजावून सांगायला नागपूरच्या एका प्रचार कचेरीने मला घेतलं आणि मला चालवायला विश्वनाथ नावाचा चित्रकार ठेवला. तोही हंगामी. सक्करदऱ्याहून सायकलने यायचा आणि माझी भिंगं मलमलीच्या तुकड्याने पुसायचा. इतक्या मायेने मला पुन्हा कोणी पुसलं नाही.

विश्वनाथला जागच्या जागी बसणाऱ्या चित्रांचा कंटाळा. त्याने एका काचेवर नवा वजनकाटा रंगवला, घड्याळासारख्या गोल तबकडीचा, शेजारी मिरचीचं पोतं. वर दुसरी गोल काच बसवली. तिच्यावर फक्त काट्याची लाल रेघ, कडेला चिमुकलं हँडल. हँडल फिरवलं की पडद्यावर काटा फिरे. कचेरीतले कारकून टेबलं सोडून बघायला आले. साहेब म्हणाले, "वा! अगदी जिवंत!" साहेबांनी कशाला जिवंत म्हटलं की मला धास्ती वाटते.

मग धान्यबाजारातल्या एका गोदामात खेळ ठरला. साहेबांनी अट घातली: बाजार उठायच्या आत एका तरी शेतकऱ्याने तिथे ठेवलेल्या खऱ्याखुऱ्या नव्या काट्यावर माल चढवला पाहिजे, नाहीतर खेळ बंद आणि विश्वनाथची नेमणूकही बंद. विश्वनाथचा चेहरा उतरला. नोकरी कायम झाल्याचं त्याने बायकोला, सुमतीला, आधीच सांगून टाकलं होतं.

आता त्या बाजाराची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. तिथे भाव तोंडाने ठरत नसे. अडत्या आणि व्यापारी एका रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाकडे बघत बसे. रुमाल निघाला की त्याचं नशीब ठरलेलं असे.

हे विश्वनाथला ठाऊक होतं, पण त्या दिवशी सुचलं नाही. भर दुपारी खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. माझ्या पाठीतून उजेड गळत होता, म्हणून त्याने माझ्यावर काळं फडकं टाकलं आणि त्याच्या आत हात घालून हँडल धरलं.

पडद्यावर काटा डुलत निघाला आणि विसावर थांबला. मिरचीच्या ठसक्याने खोकणारे लोक खोकायचे थांबले.

"थांब गा बाबू," मागून एक बाई बोलली. भिवापूरकडून मिरची घेऊन आलेली प्रयागबाई ती. "पोतं तं जागचं हाललं नाही. मंग काटा काहून फिरून राहिला?"

"बाई, हे चित्र आहे," विश्वनाथ म्हणाला.

"ते दिसून राहिलं मले. फडक्याखाली तुहा हात काय करून राहिला, ते सांग."

गोदामात एकदम गलका झाला. माल तोलणारा मापारी धोंडबा तर याचीच वाट पाहत होता. "सरकारनंही रुमाल आणला जी! आपला तं बरा होता, लहान होता!"

साहेब ओरडले, "शांतता राखा!" कोणी राखली नाही. प्रयागबाई तरातरा पुढे आली आणि तिने फडकं उचललं. विश्वनाथची दोन बोटं हँडलवर, जशी चोराची तिजोरीवर.

मला वाटलं, संपलं. विश्वनाथने साहेबांकडे पाहिलं, मग बाईकडे. आणि नोकरदार माणसाने करू नये ते केलं. हँडल सोडून म्हणाला, "खरं आहे, बाई. चित्रातला काटा बोटानंच फिरतो. घ्या, तुम्हीच फिरवा."

तिने फिरवलं. पाच, पंधरा, चाळीस. पोतं तेच. लोक हसून हसून बेजार झाले. मग हसू ओसरलं आणि तिने विचारलं, "आन् तो खरा काटा? त्याच्या मागं कोन हाय?"

खऱ्या काट्यावर उद्घाटनासाठी मखमल घातली होती. प्रयागबाईने ती ओढून काढली. काट्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खाली पाहिलं, मागे हात फिरवला. "तू, बाबू, दोन्ही हात डोक्यावर ठेव. साहेब, तुमीबी ठेवा जी."

साहेबांनी ठेवले. सरकारी हात इतके उंच गेलेले मी पुन्हा पाहिले नाहीत.

तिने पोतं चढवलं. काटा आपोआप फिरला आणि एकविसावर थांबला. उतरवून पुन्हा चढवलं. एकवीस. सकाळी धोंडबाने आपल्या तराजूत तेच पोतं तोलून अठरा किलो सांगितलं होतं. सगळ्या माना धोंडबाकडे वळल्या. तो फेटा नीट करत होता. फार वेळ करत होता.

त्या दिवशी बाजार उठेपर्यंत नव्या काट्यापुढची रांग हटली नाही. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'चित्रांचा उत्तम प्रभाव पडला.' विश्वनाथची नोकरी टिकली, पण माझ्यापाशी नाही. शेतकऱ्यांनीच मागणी केली की हा माणूस खऱ्या काट्याजवळ उभा करा, हात दिसतील असा. मी कपाटात गेलो. खोटं सिद्ध झालेल्याला दुसरं काय मिळणार?

पुढे लिलावात नागपूरच्याच नंदनवन भागातल्या मुलींच्या एका शाळेने मला नेलं. माझ्या भिंगावर बुरशी आहे, दिव्याची तार थरथरते, उंदराने वायर कुरतडली आहे. याचंही मला फारसं दुःख नाही. दुःख वेगळंच आहे. इथे माझ्या पोटात फिरती पृथ्वी घालतात. काच सुरेख आहे, पण बाई हँडल उलटं फिरवतात. गेली चार वर्षं माझ्या पडद्यावर सूर्य आधी मुंबईत उगवतो आणि मग नागपुरात. नागपूरकरांना सगळंच मुंबईनंतर मिळायची सवय. म्हणून असेल, एकाही मुलीने हात वर केला नाही. सगळ्या जणी मुकाट्याने वहीत उतरवून घेतात.

मुलींनो, जमलं तर माझी भिंगं पुसा, वायरला पट्टी लावा. नाही जमलं तरी चालेल. पण उद्या या वर्गात बसाल तेव्हा कोणीतरी उठा आणि विचारा, "बाई, हे काहून उलटं फिरून राहिलं?"

बाई रागावतील. रागावू द्या.