मुरमाचा थर

शगुफ्ताचं पत्र आलं तेव्हा दसरा नुकताच झाला होता. मी ते वाचलं आणि हातातल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. ते पुस्तक संपलं तसं पत्र दुसऱ्या पुस्तकात गेलं. फेब्रुवारीपर्यंत ते पाच पुस्तकांतून फिरलं, पण उत्तर काही गेलं नाही.

पत्र एका पानाचं होतं. तिच्या वडिलांना, महबूबभाईंना, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. उजवा पाय ओढत चालतात. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय, पण चार लोकांसमोर तलावावर जायची त्यांना लाज वाटते. म्हणून घरामागच्या अंगणात छोटा तलाव बांधायचा आहे. पुढे लिहिलं होतं: 'चाचा, नकाशा तुम्हीच काढून द्या. अब्बांच्या हातून एकदा शाळेचा हौद फुटला होता, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे या वेळी ते म्हणतात, नकाशा पक्क्या माणसाचा पाहिजे. तुम्ही फोनवर बोलत नाही, म्हणून पत्र.'

मी सरकारी कार्यालयात आरेखक होतो. नोकरीभर पाण्याच्या टाक्या काढल्या. तलावाचा नकाशा मला जड नव्हता. जड होतं ते पत्रातलं मधलं वाक्य.

तो हौद महबूबभाईंच्या हातून फुटला नव्हता.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. टेंभुर्णीच्या बाजूच्या एका वस्तीत शाळेसाठी जमिनीखालचा हौद बांधायचा होता. नकाशा माझा, गवंडी महबूबभाई. खड्डा झाला तसं ते मला म्हणाले, "अण्णा, काळी माती हाय ही. पावसात फुगती, उन्हात फाटती. तळाला मुरूम पायजे की, त्यो फुगत न्हाय." मला ते ठाऊक होतं. टेबलावरच्या पुस्तकात त्या नियमाखाली मी पेन्सिलीने रेघसुद्धा मारली होती. नकाशात मात्र मुरूम घालायचा राहून गेला होता. त्यावर साहेबांची सही झाली होती आणि पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहून 'चुकलो' म्हणायचा मला धीर झाला नाही. मी म्हणालो, "नकाशात आहे तसं करा."

दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी खाली बघत राहिलो. महबूबभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याच हातनं झालं, साहेब." आमच्या कार्यालयाचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. आम्ही नंतर भेटत राहिलो, चहा पीत राहिलो. त्या गोष्टीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

नकाशे मी काढत होतो. तेरा झाले होते. ईरम्मा, माझी बायको, चौदाव्या कागदाकडे बघून म्हणाली, "नळाला पाचव्या दिवशी पाणी येतंय आणि तुम्ही तलाव काढताय."

"साडेचार हजार लिटर लागेल. गाळून तेच फिरवायचं. वर झाकण घातलं की वाफ होऊन उडणारही नाही."

"मग द्या की नेऊन. पाण्यात त्या माणसाला चालायचंय. तुमच्या कागदाला नाही."

"जागा मोजल्याशिवाय कसा देणार?"

"पाच महिने झाले. एवढ्यात ते तुमच्या मदतीशिवाय पळायला लागले असते," असं म्हणून तिने टेप माझ्या पिशवीत टाकला.

मी गेलो. दारातूनच परत फिरायचा विचार होता, पण शगुफ्ताने खिडकीतून पाहिलं. "अब्बा, चाचा आले! स्वतःच्या पायांनी आले!"

मागच्या अंगणात महबूबभाई खुर्चीत बसले होते. काठी मांडीवर आडवी. केस पार पांढरे. जमिनीवर त्यांनी बसल्या बसल्या कुणाकडून तरी चुन्याची आखणी करून घेतली होती.

"लई घाई केली अण्णा," ते म्हणाले. "मला वाटलं, मी मेल्यावर चाळिसाव्यालाच येताय."

मी टेप काढला. अंगण बावीस फूट लांब, चौदा फूट रुंद. घराच्या पायापासून पाच फूट सोडले, कुंपणाच्या भिंतीपासून तीन. रुंदीत उरले सहा; लांबीत बारा घेतले, पायऱ्या त्याच्या बाहेर. म्हणजे भिंतीच्या जाडीसह बारा बाय सहा. आत अकरा फूट सरळ चालता येईल. खोली सगळीकडे सारखी, पाणी तीन फूट, बरगड्यांच्या खाली. पायऱ्या उतरताना कठडा डावीकडे हवा, कारण त्यांचा डावा हात धड आहे. पण वर येताना तो हात दुसऱ्या बाजूला होणार. हे मला तेरा नकाशांत सुचलं नव्हतं. त्यांना खुर्चीतून उठताना पाहिलं तेव्हा सुचलं. कठडा दोन्ही बाजूंना पाहिजे.

"फरशी गुळगुळीत नको," महबूबभाई म्हणाले. "खरबरीत शहाबादी घाला. आन् पायरी सहा इंचाच्या वर नको."

शगुफ्ता चहा घेऊन आली. "अब्बा, तुम्ही शिकवू नका चाचांना. तुमचा फुटका हौद सगळ्या खानदानाला माहीत आहे." मग मला म्हणाली, "आमच्याकडे काही गळलं की पोरं म्हणतात, दादाजींनी बांधलंय वाटतं."

महबूबभाई हसले. सवयीचं हसणं होतं ते. तीस वर्षांचं.

"चाचा, खाली मुरूम लागेल का?" तिने विचारलं. "शेजारचे सांगत होते."

मी महबूबभाईंकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत होते. "अण्णाच्या नकाशात असंल तसं करायचं," ते म्हणाले.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि निघालं ते इतकंच, "साखर जरा जास्त झाली."

शगुफ्ता आत गेली तसे ते हळू आवाजात म्हणाले, "तुमाला तोंडानं जमत न्हाय, मला ठावं हाय. पोरीनं पत्र लिवलंय. तुमी उत्तरात त्ये न्हाय लिवलं तरी चालंल. नकाशा तेवढा द्या."

घरी येऊन चौदाव्या कागदावर मी सगळ्यात आधी तळाची पहिली ओळ लिहिली: 'काळी माती पूर्ण काढून दीड फूट मुरूम, थराथरात पाणी मारून, धुमसाने ठोकून घट्ट करणे.' मग पाण्याच्या वाटा काढल्या. सांडपाणी लिंबाच्या झाडाला दिलं.

पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्या तीनमध्ये साहेबांची सही होती, माझं वय होतं, नोकरी नवी होती. चौथ्यातून ते सगळं काढलं. उरलं ते असं:

'चि. शगुफ्ता, उत्तराला उशीर झाला. शाळेचा हौद तुझ्या वडिलांच्या हातून फुटला नाही. त्यांनी मुरूम मागितला होता, मी घालू दिला नाही आणि चौकशीत गप्प बसलो. त्यांनी माझा दोष स्वतःवर घेतला. हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखव, पोरांनासुद्धा. नकाशा सोबत आहे. त्यात अब्बा जे बदल सांगतील ते करावेत. तुझा मल्लिनाथचाचा.'

ईरम्मा म्हणाली, "हातात नेऊन द्या की. रिक्षाने दहा मिनिटं."

"हातात नेलं तर खिशातच राहील."

सात रस्ता चौकाजवळच्या टपालपेटीत पाकीट टाकलं. पेटी उघडायची वेळ चारची होती आणि पावणेचार झाले होते. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. चारला टपाल खात्याचा माणूस आला, पेटी उघडून सगळी पाकिटं पिशवीत ओतली, तोंड बांधलं आणि सायकलला अडकवून निघून गेला. मग मी उठलो.