काचेमागचा बिरान

कोदू आत्याने मला चित्रातले डोळे काढायला दिले! अख्ख्या गेत न्दार कोळीवाड्यात माझ्या वयाच्या दुसऱ्या कुठल्या मुलीने आत्याच्या काचेला हात लावलाय, सांगा. वर्गात मी हे इतक्यांदा ऐकवलं की फातिम म्हणाली, "यांदे, आता शाळेचे नळ पण तूच रंगव." रंगवीन की!

आत्याची चित्रं डाकारला प्रदर्शनात लागतात, पण कामाला ती आमच्याच अंगणात बसते, बोकडाशेजारी. काचेच्या मागच्या बाजूने रंगवते. त्यामुळे सगळं उलटं. सही आधी, तीही उलटी. मग डोळे, काळ्या रेघा, कपडे, आणि मागचा रंग पार शेवटी. वर रंग चढला की खालचा डोळा दुरुस्त करता येत नाही. म्हणून डोळे ती कुणाला देत नाही.

हे डोळे बिरानचे होते. शेजारच्या सोखना मावशीचा एकुलता एक. त्याची होडी मासेमारीला गेली ती परत आलीच नाही.

"मागे रंग नको, कोदू," मावशी म्हणाली. "माझा मुलगा समुद्रावर आहे. मागे समुद्रच दिसू दे."

"उघडी काच घरात ठेवू नये, सोखना. उघडं ते दोन्ही बाजूंनी उघडं."

"दोन्ही बाजूंनीच हवंय मला. नाहीतर तो येणार कुठून?"

आत्या कितीतरी वेळ बोटांवरचा रंग पुसत राहिली. मग काच तशीच उघडी दिली.

मावशीने ती समुद्राकडच्या खिडकीत टांगली. काय दिसायचा बिरान! पिवळा सदरा, दंडाला ताईत आणि गुडघ्यांमागे खऱ्या लाटा. शाळा सुटली की मी रोज तिकडे. खरं सांगायचं तर माझे डोळे बघायला.

एका दुपारी गेले, तर डोळेच नव्हते.

बिरान पाठमोरा उभा होता. मान, कानांच्या मागची बाजू, सदऱ्याची पाठ. यातलं काहीच आम्ही काढलं नव्हतं. काच उलटी टांगली असेल म्हणून मी आत्याची सही बघितली. ती खोलीतून सरळच वाचता येत होती. काच जिथल्या तिथे होती, वळला होता तो. मी धावत बाहेर वाळूवर गेले आणि खिडकीकडे वर बघितलं. माझे डोळे तिथे होते. माझ्या डोक्यावरून समुद्राकडे बघत.

"मावशी, हा वळलाय," मी आत येऊन म्हटलं.

"हो ना!" मावशी मजेत चेबूजेनच्या भातासाठी मासे साफ करत होती. "आता पुढे तो आणि मागे मी. रोज जरा लांब नेतो."

तेव्हा मला तिचा झगा दिसला. कमरेपर्यंत ओला.

"मावशी, तुला पोहता येतं?"

"मला कशाला? तो आहे ना."

मी पळत जाऊन आत्याला आणलं. ती निळ्या रंगाचा डबा, कुंचला आणि पाठीमागे लावायचा पुठ्ठा घेऊनच आली. मावशी खिडकी अडवून उभी राहिली.

"माझ्या पोराला कोंडायला आलीस?"

"त्याला नाही गं. तुला इकडे ठेवायला आलेय."

"तुझी सगळी पोरं घरी जेवतात. तू बोलणारच!"

आत्याने डबा खाली ठेवला. मग मीच बोलले. "मावशी, डोळे मी काढलेत. बाहेर येऊन बघ तरी एकदा. तो तुझ्याकडे बघत नाहीये."

ती बाहेर गेली. वाळूत उभी राहून वर बघत राहिली. इकडे सरकली, तिकडे सरकली, हात हलवला, नावाने हाक मारली. परत आली तेव्हा तिने स्वतःच काच उतरवून चटईवर पालथी ठेवली.

"यांदेलाच लावू दे," म्हणाली.

मी निळा लावला. दाट, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कुठे भोक राहिलं नाही. आत्याने वाळवून काच सुलटी केली.

बिरानच्या खांद्याशेजारी एक पंजा होता. रंग तेवढ्याच जागेवर बसला नव्हता. पाची बोटं पसरलेली, करंगळी वाकडी, बिरानची जाळ्याच्या दोराने वाकली होती तशीच. पंजातून खालची चटई दिसायला हवी होती. पाणी दिसत होतं, हलणारं.

आत्याने मला मागे ओढलं. मावशीने मात्र आपला हात त्या पंजावर ठेवला. पोरगं बाहेरून आल्यावर ठेवावा तसा.

"किती गार पडलाय रे," ती म्हणाली.

हात तिथेच. शेवटी तिने तो उचलला, झग्याला पुसला आणि आत्याला म्हणाली, "लाव पुठ्ठा."

चित्र आता आतल्या भिंतीवर आहे, समुद्रापासून लांब. बिरान पाठमोराच आहे. मी अजून रोज जाते आणि आधी मावशीच्या झग्याचा घोळ बघते. कोरडा असतो.

चित्राखालची भिंत तेवढी ओली असते. मी बोट लावून चाखलं. खारट.