कल्हईचा हंडा

पाणी नितळ दिसलं की ते चांगलंच असणार, असं आपण सगळेच धरून चालतो. मग सुरतेतल्या डिंडोलीचे मधुकरराव तरी वेगळे कुठून असणार? बँकेतून निवृत्त झालेले, चार माणसांत मान असलेले गृहस्थ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागर भरायची खानदेशातली रीत त्यांनी सुरतेतही सोडली नव्हती. उलट यंदा वाढवली! वडिलांचा पितळी हंडा रस्त्यावरच्या कल्हईवाल्याकडून चकचकीत करून आणला आणि फाटकापाशी लिंबाच्या सरबताची पाणपोई मांडली. सरबत आदल्या रात्रीच करून ठेवायचं, म्हणजे छान मुरतं, हे त्यांचं खास शास्त्र. जवळच्या मिलमधले कामगार पिऊन तोंडभर दुवा देत आणि मधुकररावांची छाती फुगे.

पंधरा दिवसांनी एका दुपारी सून गौरी प्रयोगशाळेतून लवकर घरी आली. पाणी तपासणं हेच तिचं काम, म्हणून सकाळी तिनं सरबताचा नमुनाही सोबत नेला होता.

"बाबा, आपल्या सरबतात शिसं आहे."

"शिसं? काहीतरीच काय! नळाचं पाणी आहे ते!"

"नळाचं पाणी मी वेगळं तपासलं, ते स्वच्छ आहे. दोष हंड्यात आहे. कल्हई कथलाची हवी. त्यानं स्वस्तात उरकायला शिसं मिसळलं असणार. वरून आपण लिंबू पिळून रात्रभर ठेवतो. आंबटानं ते सुटतं."

"पण दिसत तर काहीच नाही. चवही लागत नाही!"

"त्याचीच तर भीती आहे, बाबा." गौरी त्यांच्यासमोर बसली. "आमच्याकडे हिऱ्याचा इलेक्ट्रोड आहे. अंगठीतला हिरा नव्हे हं. प्रयोगशाळेत वाढवलेला, बोरॉन मिसळलेला काळा पापुद्रा. त्यातून वीज वाहते. तो पाण्यात बुडवून वीज सोडली की शिसं त्याच्यावर येऊन बसतं. वीज उलटी फिरवली की सुटतं, आणि पडद्यावर टोक उमटतं. शिसं जितकं जास्त तितकं टोक उंच. हिरा स्वतः मध्ये लुडबुड करत नाही, म्हणून कणभर शिसंही लपत नाही. नळाच्या पाण्याची रेघ सपाट आली. आपल्या सरबताचं टोक पडद्यात मावेना!"

मधुकरराव मनात हिशोब करू लागले. पंधरवडाभर किती जणांनी प्यायलं असेल?

"हंडा माळ्यावर टाकतो," ते घाईघाईनं म्हणाले. "तू कुठे बोलू नकोस. कोणी विचारलं तर सांगू, माझी तब्येत बरी नाही. लोक तोंडात शेण घालतील गं!"

"आणि ज्यांच्या पोटात ते गेलंय त्यांचं काय? त्यांना कळलं तर ते रक्त तपासून घेतील, औषधपाणी करतील. गरोदर बाईच्या रक्तातून तर ते बाळापर्यंत जातं, बाबा!"

तरी मधुकररावांचा पाय फाटकाकडे वळेना. अब्रूची भीती मोठी वाईट!

तेवढ्यात फाटक वाजलं. साडीच्या कारखान्यात धागे कापणारी जयश्री जेवणाच्या सुट्टीत आली होती. सातवा महिना लागलेला. रोजच्या सवयीनं तिनं बाटली भरली.

"आबा, या उन्हात तुमच्या सरबतावरच जीव तगून आहे बघा," ती हसून म्हणाली आणि बाटली तोंडाला लावायला गेली.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण मधुकररावांची नजर तिच्या पोटावर गेली.

"थांब! पिऊ नकोस पोरी!" ते ओरडतच धावले आणि बाटली हिसकावून घेतली. सरबत फरशीवर सांडलं.

मग त्यांनी काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. जयश्रीनं दोन्ही हात पोटावर ठेवले. तिचा रंगच उडाला.

"आबा, मन्हा पोरले काही व्हई का?"

बाळाला काही होणार नाही, असा खोटा धीर गौरीनं दिला नाही. "आत्ताच दवाखान्यात जाऊ, चल," म्हणत तिनं रिक्षा बोलावली.

संध्याकाळी मिलची पाळी सुटली तेव्हा मधुकरराव रिकाम्या हंड्याशेजारी उभे होते. येईल त्याला थांबवून सांगत होते, "माझ्या हंड्यातलं सरबत प्यायला असशील तर रक्त तपासून घे. चूक माझी आहे." कोणी शिव्या घातल्या, कोणी थुंकून गेलं. पण मधुकरराव जागचे हलले नाहीत.

मंडळी, चांगल्या मनानं दिलेलं पाणीही आधी तपासून घ्यावं. आणि चूक उघडी पडली, तर आपल्या अब्रूआधी ते प्यायलेल्या माणसाचा विचार करावा.

जयश्रीच्या रक्ताचा रिपोर्ट अजून यायचा आहे. फाटक वाजलं की मधुकररावांच्या काळजाचा ठोका चुकतो, आणि तरीही ते स्वतः उठून दार उघडतात.